पक्षीघराच्या कॅशमध्ये खरंच घरटं झालंय, काय करू?

मी पोर्टलंडजवळ राहते. हिवाळ्यात सीडरच्या फळ्यांचं पक्षीघर बनवून त्यात जिओकॅशची (GPS ने शोधायच्या खेळातला लपवलेला डबा, म्हणजेच ‘कॅश’) सापडल्याची नोंद करायची वही ठेवली होती. काल फळी सरकवली तर आत शेवाळ, त्यावर केसांचा मऊ थर आणि तांबूस ठिपक्यांची सहा इवलीशी अंडी! चिकडी (चिमणीएवढा छोटा पक्षी) वरच्या फांदीवर ओरडत होती. वही खाली दबलीय. काढू का?

> अजिबात नको, ताई. अंडी असलेलं घरटं हलवणं अमेरिकेच्या 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने गुन्हा आहे. आजच कॅश तात्पुरती बंद करा. अंडी उबायला बारा-तेरा दिवस, पिल्लं उडायला आणखी दोनेक आठवडे. पुढच्या वेळी पक्षीघराला खरं भोक पाडू नका, त्या जागी काळा गोल रंगवा.

> आणि खाऊ किंवा वासाचं काही ठेवू नका, रॅकून डबा फोडतात. 3 मे 2000 ला तुमच्याच ओरेगनमध्ये ठेवलेल्या पहिल्या कॅशच्या बादलीत चक्क घेवड्याचा डबा होता! आता खाद्यपदार्थांना मनाई आहे.

कॅश बंद केली. माझ्या डब्यात लिंबाच्या वासाची मेणबत्ती होती, तीही काढते, पण पिल्लं उडाल्यावरच. तोवर लांबून दुर्बिणीने बघेन.