पोरांना टॅब द्यायचे का? (सोसायटी ग्रुपवर काल रात्री)

बी-४०२: देशातल्या सगळ्या पोरांना टॅब द्या म्हणून फॉरवर्ड आलाय बघितला काय? मला तर पटलं. गावाकडची पोरं पण पुढं येतील.

ए-२०१: दादा, मी गगनबावड्याकडं झेडपीच्या शाळेवर आहे म्हणून मनापासनं सांगते. आमच्याकडं टीव्ही आला त्या दिवशी नारळ फोडला, पोरं नुसती नाचत होती. पण तिकडचा पाऊस तुम्हाला माहितीये, लाईट दोन दोन दिवस नसते, गेल्या जूनला इन्व्हर्टरची बॅटरी बसली आणि नवीन कुठल्या पैशातनं घ्यायची हे अजून कुणालाच सांगता येईना. ओल लागू नये म्हणून टीव्हीवर प्लॅस्टिक घातलंय. चौथीतली एक पोरगी रोज ते उचलून बघते, बाई आज लागणार काय? काय सांगू तिला?

बी-४०२: मग काय द्यायचंच नाही?

ए-२०१: द्यायचं की! पण शिकवणार कोण, दुरुस्ती कोण करणार, पाचव्या वर्षी पैसे कुठनं येणार हे प्लॅनमध्ये आधी लिहा. पेरू देशानं लाखो लॅपटॉप वाटले, २०१२ ला अभ्यास झाला तर गणितात, भाषेत काही फरकच नाही. उरुग्वेनं २००७ पासनं लॅपटॉपबरोबर शाळेत इंटरनेट नेलं, सगळं सांभाळायला वेगळी संस्थाच काढली. लांब कशाला, केरळ बघा, २००१ पासनं मास्तरांच्या ट्रेनिंगवर जोर आणि पुढं सॉफ्टवेअर पण मोफतचं घेतलं, लायसनचा खर्चच नाही.

सी-१०३: अहो पण आपल्याकडं २०१७ पासनं सरकारचं दीक्षा ॲप आहे की. नातीच्या पुस्तकावरचा कोड स्कॅन केला की धडा सुरू.

ए-२०१: काका, दीक्षा चांगलंच आहे, मी पण वापरते. पण माझ्या वर्गातल्या निम्म्या घरात एकच मोबाईल, तो बापाबरोबर कामावर, पोरगं स्कॅन करणार कशानं? आपल्या शाहू महाराजांनी १९१७ ला शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न घालणाऱ्याला महिना एक रुपया दंड पण ठेवला होता. म्हणजे हुकमाबरोबर तो पाळून कसा घ्यायचा याचा पण विचार झालता. दिल्लीत बसून धोरण करणाऱ्यांनी एवढं तरी करावं ना?

डी-३०४: मॅडम, बॅटरी किती एएचची?

ए-२०१: दीडशेची.

डी-३०४: दुकानात एक चांगली पडून आहे. शनिवारी सकाळची शाळा ना? गाडी घेऊन येतो, वायरिंग पण बघतो.

ए-२०१: या या. हेडसरांना आत्ताच फोन करते.