आईला फोनवरून मेडिकेअर ॲडव्हांटेज प्लॅन गळ्यात मारला, जुनं मेडिकेअर परत कसं मिळवायचं?

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आई ७४ वर्षांची, ग्रीन कार्डवर, पुण्याहून येऊन दहा वर्षं झाली. तिने इथे कधी नोकरी केली नाही, म्हणून मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या पार्ट ए (रुग्णालय) आणि पार्ट बी (डॉक्टर) या दोन्ही भागांचे हप्ते आम्ही भरतो. वर मेडिगॅपची, म्हणजे मेडिकेअरनंतर उरणारा बराचसा खर्च उचलणाऱ्या खासगी पूरक विम्याची, प्लॅन जी पॉलिसी आणि औषधांसाठी वेगळा पार्ट डी. खर्च बराच होतो, पण तिच्या हृदयाच्या डॉक्टर बदलायच्या नव्हत्या, म्हणून हे विचार करून घेतलं होतं.

२१ नोव्हेंबर २०२४ ला दुपारी मी ऑफिसात असताना तिला फोन आला. 'माताजी, मेडिकेअर से बोल रहा हूँ, आपका नया कार्ड भेजना है.' आईने चष्मा लावून लाल-पांढऱ्या-निळ्या कार्डावरचा नंबर एकेक अक्षर वाचून दाखवला. शेवटी त्याने इंग्रजीत काहीतरी लांबलचक वाचलं आणि तिला 'येस' म्हणायला लावलं. परवा डॉक्टरांच्या काउंटरवर कळलं की १ जानेवारीपासून ती एका खासगी कंपनीच्या ॲडव्हांटेज एचएमओमध्ये (जुन्या मेडिकेअरऐवजी मिळणारा, सहसा नेटवर्कमधलेच डॉक्टर चालणारा प्लॅन) आहे आणि या डॉक्टर त्यांच्या नेटवर्कमध्ये नाहीत. आई पर्स घट्ट धरून तिथेच बसून राहिली. घरी येईपर्यंत 'माझंच चुकलं' एवढंच म्हणत होती.

तिचं चुकलेलं नाही. दोन रात्री नियम वाचतोय. एजंटला ओळखपाळख नसताना स्वतःहून फोन करता येत नाही. आपण मेडिकेअरकडून बोलतोय असं भासवता येत नाही. भेटीत किंवा फोनवर कशाबद्दल बोलणार याची संमती, म्हणजे स्कोप ऑफ अपॉइंटमेंट, २०२४ च्या नियमांनुसार सहसा ४८ तास आधी घ्यावी लागत होती. तुमचे डॉक्टर कोण, औषधं कोणती, हे नोंदणीआधी विचारावंच लागतं. आईला यातलं एकही विचारलं नाही. ऑक्टोबरातल्या एका आरोग्य मेळाव्यात तिने सोडतीच्या चिठ्ठीवर फोन नंबर लिहिला होता, तिथूनच तो फिरला असावा.

जुन्या मेडिकेअरमध्ये परत जाता येईल का? आणि मेडिगॅपचा हप्ता अजून खात्यातून जातोय, तो थांबवू का?

प्रतिसाद :
दादा, मेडिगॅप अजिबात बंद करू नका! ॲडव्हांटेजमध्ये असेपर्यंत ती पॉलिसी काही देणार नाही, पण एकदा सोडली तर पुन्हा घेताना बहुतेक ठिकाणी तब्येतीची चौकशी होते, आणि हृदयाच्या पेशंटला तिथेच अडवतात.

३१ मार्चपर्यंत एकदा बदल करायची मुभा आहे. वेगळा पार्ट डी प्लॅन घेतला की ॲडव्हांटेजमधून नाव आपोआप निघतं आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून जुनं मेडिकेअर सुरू. पण त्याआधी आईला शेजारी बसवून मेडिकेअरच्या १-८००-६३३-४२२७ या नंबरवर फोन करा. फसवून नोंदणी झाली असं सांगा, मागच्या तारखेपासून रद्द करायची विनंती करा. दुभाषी फुकट मिळतो. विक्रीचे कॉल रेकॉर्ड करणं बंधनकारक आहे, तेव्हा ते रेकॉर्डिंग तपासायला सांगाच. काउंटीच्या शिप (मेडिकेअरबद्दल सल्ला देणारी सरकारी योजना) कार्यालयातले समुपदेशक पैसे घेत नाहीत आणि त्यांना काही विकायचंही नसतं. माझ्या सासूबाईंचं काम तिथेच झालं.

आई पुण्याला किती दिवस जातात? प्लॅनच्या भागाबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं तर असे प्लॅन नावच काढून टाकतात. हे त्या माणसाने सांगितलं नसणारच.

धागाकर्ता :
दरवर्षी जाते, नोव्हेंबर ते मे. यंदा डॉक्टरांच्या तपासणीसाठीच थांबली होती. उद्या सकाळी आठ वाजता फोन लावतो.