मदत हवी आहे: बहिणीचं लग्न जर्मन नागरिकाशी ठरलंय, व्हिसा ते नागरिकत्व क्रम काय?

द्राक्षमळा_निफाड

नमस्कार मंडळी. बहीण 29 वर्षांची, नाशिकला नोकरी करते. होणारे मेहुणे जन्माने जर्मन, श्टुटगार्टला असतात. लग्न नाशिकलाच, विशेष विवाह कायद्याने करायचं आहे. तिचा जर्मनचा ए1 (भाषेची पहिली पातळी) क्लास सुरू आहे. प्रश्न असे: कागद कोणत्या क्रमाने करायचे? लग्न झाल्यावर पासपोर्टवरचं नाव लगेच बदलावं का? तिकडचं नागरिकत्व किती वर्षांनी मिळतं आणि भारतीय पासपोर्टचं काय होतं? आणि वडिलांची मुख्य काळजी: पुढे दोघांचं जमलं नाही तर तिला तिथून परत पाठवतात का?

गोदाकाठ

अभिनंदन! सगळ्यात आधी मेहुण्यांच्या गावच्या श्टांडेसआम्टमधून, म्हणजे तिथल्या जन्म-विवाह नोंदणी कार्यालयातून, लग्नाला कायदेशीर अडथळा नसल्याचा दाखला काढायला सांगा. वेळ इथेच जातो. तो दाखला देण्यासाठी ते ताईचेही कागद मागतात: जन्मदाखला, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र. भारताचं अपोस्टील, म्हणजे परदेशासाठी कागद प्रमाणित करणारा शिक्का, जर्मनी मानत नाही. कागद परराष्ट्र मंत्रालयातून अपोस्टील करून पाठवलेत तर ते पैसे वाया. त्याऐवजी तिथलं कार्यालय गरज वाटल्यास जर्मन वकिलातीमार्फत कागदांची पडताळणी करवतं. वकिलातीने नेमलेला माणूस नाशिकला येऊन नोंदी तपासतो, घरी आणि शेजारी चौकशी करतो. यात काही महिने सहज जातात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर चौकशीला आलेल्या माणसाला कुणीतरी घाबरून उलटसुलट उत्तर देतं आणि अहवालात तेच लिहिलं जातं.

जन्मदाखला आत्ताच काढून बघा. जुन्या नोंदींत बाळाच्या नावाची जागा बऱ्याचदा रिकामी असते. तसं असेल तर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत, जिथे नोंद असेल तिथे, नाव भरून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला त्याऐवजी चालेल असं गृहीत धरू नका.

अडथळा नसल्याच्या दाखल्याची मुदत 6 महिने असते, त्यामुळे तो हातात आला की लग्नाचं गणित मागे मोजत बसवा. विशेष विवाह कायद्यात दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात 30 दिवसांचं वास्तव्य पुरतं, ते ताईमुळे पूर्ण होतं. पण नोटीस दोघांनी द्यायची असते. नोटिशीनंतर 30 दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं आणि नोटिशीपासून 3 महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते. मेहुणे 30 दिवसांच्या पर्यटक ई-व्हिसावर आले तर नोटीस देऊन लग्नाआधीच परत जायची वेळ येईल. एक वर्षाचा घ्यायला सांगा. विवाह अधिकाऱ्यांसमोर 3 साक्षीदार लागतात. भटजींनी दिलेलं किंवा मंगल कार्यालयाचं पत्र व्हिसाला उपयोगाचं नाही.

ए1_ते_बी1

नावाबद्दल मी ठामपणे सांगेन: व्हिसा हातात येईपर्यंत नाव बदलू नका. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. ए1 परीक्षेचा अर्ज भरताना क्लासवाले फक्त पहिलं नाव आणि आडनाव टाकतात. मग लग्नाच्या प्रमाणपत्रावर मधलं नाव नवऱ्याचं येतं आणि कुणीतरी हौसेने गॅझेटही करून टाकतं. एकाच मुलीचे तीन कागद, तीन नावं. खिडकीवरच्या माणसाला ही एकच व्यक्ती आहे हे कळायला मार्ग नसतो, मग पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा खुलासा. पासपोर्टवर जसं अक्षरन् अक्षर आहे तसंच परीक्षेच्या अर्जात आणि विवाहाच्या नोटिशीत लिहा. जर्मन कायद्यात लग्नाने आपोआप नाव बदलत नाही. दोघांचं एक आडनाव हवं असेल तर तिथे वेगळं निवेदन देता येतं, ते सावकाश करा.

परीक्षा ग्योथे, टेल्क किंवा ओएसडीचीच द्या. क्लासचं स्वतःचं प्रमाणपत्र चालत नाही. ग्योथेच्या ए1 परीक्षेत 100 पैकी 60 गुण लागतात. मुलं बोलण्यापेक्षा ऐकण्यात जास्त अडकतात, कारण क्लासमध्ये सर हळू बोलतात.

व्हिसाचा अर्ज आता जर्मन परराष्ट्र विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा, नंतर मूळ कागद आणि बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचं. पंचवटीने जाणार असाल तर सकाळची पहिली वेळ घेऊ नका, गाडी सीएसएमटीला साडेदहानंतर पोचते. जर्मन नागरिकाच्या पत्नीला व्हिसाची फी नसते, व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क तेवढं द्यावं लागतं. शंका आली तर दोघांना एकाच वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी बसवून तेच प्रश्न विचारतात: ओळख कशी झाली, सासरी कोण कोण आहे, लग्नाला कोण आलं होतं. खरं तेच सांगायचं, पाठ करून जायचं नाही.

द्राक्षमळा_निफाड

खूप आभार. जन्मदाखला बघितला, नावाची जागा खरंच रिकामी आहे! उद्याच जातो. नागरिकत्व आणि वडिलांच्या काळजीबद्दल कुणी सांगेल का?

राइनकाठचा_नाशिककर

दादा, लग्नाने नागरिकत्व मिळत नाही, मिळतो तो रहिवास परवाना. पोचल्यावर घरात राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची. त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. व्हिसाची मुदत संपायच्या आत परदेशी नागरिक कार्यालयात परवान्याचा अर्ज गेला पाहिजे. भेटीची वेळ उशिराची मिळाली तरी अर्ज मुदतीत पोचल्याचा पुरावा जपून ठेवा. पहिला परवाना साधारण 3 वर्षांचा असतो आणि नोकरी पहिल्या दिवसापासून करता येते.

3 वर्षं परवान्यावर एकत्र राहून बी1 (भाषेची मधली पातळी) झालं की कायमचा रहिवास मागता येतो. नागरिकत्वासाठी तिथे 3 वर्षं कायदेशीर वास्तव्य आणि लग्नाला 2 वर्षं हवीत, शिवाय बी1, स्वतःच्या उत्पन्नावर घर चालणं आणि 33 प्रश्नांची नागरिकत्व चाचणी, तीत 17 बरोबर हवेत. फी 255 युरो. ऑक्टोबर 2025 मध्ये जे ‘तीन वर्षांत नागरिकत्व’ बंद झालं ते विशेष प्रगती केलेल्यांचं होतं, जोडीदारांचा नियम तसाच आहे. लग्नानंतर नाशिकमध्ये गेलेला काळ लग्नाच्या 2 वर्षांत मोजला जाईल, तिथल्या वास्तव्यात नाही.

वडिलांना हे नक्की वाचून दाखवा. एकत्र संसार जर्मनीत 3 वर्षं झाला असेल तर वेगळं झाल्यावरही तिला स्वतःच्या हक्काने राहता येतं. 3 वर्षांच्या आत वेगळे झाले तर परवाना धोक्यात येतो. पण घरात मारहाण किंवा छळ असेल तर ही अट सोडण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणून पासपोर्ट, परवाना आणि विवाह प्रमाणपत्र कायम ताईच्याच ताब्यात असू द्या, आणि भाषेचा पुढचा क्लास पहिल्या वर्षातच लावा. कार्यालयात स्वतः बोलता येणं हा तिचा सगळ्यात मोठा आधार असेल.

जर्मनी 27 जून 2024 पासून दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, भारत नाही. जर्मन नागरिकत्व स्वीकारलं की भारतीय नागरिकत्व 1955 च्या कायद्याच्या कलम 9 नुसार संपतं. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. तो भारतीय दूतावासात जमा करायचा, जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि मग ओसीआयचा (परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डाचा) अर्ज.

गोदाकाठ

तुमच्या नावावरून बागेचं विचारतो. ताईच्या नावे शेत करायचा विचार असेल तर तिने देश सोडण्याआधी करा. अनिवासी किंवा ओसीआय झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र मिळते, आणि इथे राहत असताना नावावर झालेली जमीनही ठेवता येते. मुलीला दिलेल्या शेतजमिनीच्या बक्षीसपत्राला मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपयेच आहे, वर स्थानिक अधिभार. दस्त झाल्यावर तलाठ्याकडे फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव आलंय ना, ते ती निघायच्या आधी बघा. आणि तिथेही नाव पासपोर्टप्रमाणेच.