ग्रामसेवक मुक्कामी हवा की नको?

तापीकाठचा : आजोबा मे महिन्यात गावीच, राहत्या घरात गेले. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर पैसे लागत नाहीत, म्हणून लगेच ग्रामसेवकाकडे गेलो. पहिल्या खेपेला 'भाऊसाहेब पंचायत समितीत मीटिंगला', दुसऱ्या खेपेला 'आज दुसऱ्या गावी'. तिसऱ्यांदा भेटले आणि दहा मिनिटांत काम झालं. माणूस वाईट नाही हो. पण राहतो शहरात, आणि मुख्यालयी, म्हणजे गावातच, राहतो असा ग्रामसभेचा ठराव जोडून घरभाडे भत्ता घेतो. (ठरावाला हात आम्हीच वर केले, ते सोडा.) माझं म्हणणं सरळ आहे : मुक्काम नाही तर भत्ता नाही.

सातपुड्याखालची : मी ग्रामसेवकाची बायको, तेव्हा माझं बोलणं एका बाजूचंच धरा. यांच्याकडे एक गाव आणि शेजारच्या गावाचा अतिरिक्त कारभार. मुक्काम कुठे करायचा? घरकुलाचे हप्ते, रोजगार हमीची हजेरीपत्रकं, घरपट्टी, विवाह नोंदणी, वरून निवडणुकीचं काम. १ मेला दोन्ही गावांना ग्रामसभा सकाळीच हवी असते. २०२४ मध्ये पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, गावं मात्र तेवढीच राहिली.

केळीबाग : २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे ना? मुदतीत दाखला नाही मिळाला तर अपील करायचं.

तापीकाठचा : अपील कोणावर करू? उद्या घरकुलाच्या यादीसाठी त्याच टेबलासमोर उभं राहायचंय.

पांझरेचा भो : तुम्ही सगळे भाऊसाहेबांवरच अडकलात. आमच्या गावाचं पाणी बघणारा शिपाई घ्या. रात्री लाइट कितीलाही येवो, हा मोटर चालू करायला विहिरीवर. टाकी भरली की एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह फिरवतो, पावसाळ्यात पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकतो, पाइप फुटला की मे महिन्याच्या ४५ अंशांत खड्ड्यात उतरतो. ग्रामसभेची दवंडीही तोच देतो. अर्धा तास उशीर झाला की दारादारातून ऐकू येतं, "काय रे भो, आज नळ येई का नही?" त्याच्या किमान वेतनातला शासनाचा वाटा करवसुलीशी बांधलेला. आपण पट्टी थकवायची आणि कात्री त्याच्या पगाराला. जिल्हा परिषदेच्या भरतीत ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांना १० टक्के जागा आहेत म्हणतात. त्या आशेवर त्याचे केस पांढरे झाले. तो जन्मापासून मुक्कामी आहे. त्याला कोणता भत्ता देता?

तापीकाठचा : विषय भरकटवू नका. शिपायाबद्दल कोणी वाईट बोललंच नाही.

पांझरेचा भो : चांगलंही नाही बोललं. तुमची पाणीपट्टी भरलेली आहे का?

तापीकाठचा : नळ दिवसाआड येतो. वर्षाची पूर्ण पट्टी कशाला भरू?

सातपुड्याखालची : पट्टी नाही म्हणून वीजबिल थकतं, बिल थकलं की मोटर बंद. यांची निम्मी संध्याकाळ त्या फोनांत जाते. आणि तुम्ही म्हणता शहरात बसून काय करतो.

केळीबाग : वहिनी, हे पटलं. पण नोंदीसाठी तीन खेपा हेही बरोबर नाही. कोणत्या वारी कोणत्या गावात, एवढं ग्रामपंचायतीच्या दारावर खडूने लिहिलं तरी चालेल.

सातपुड्याखालची : ते सांगते यांना. खरंच.

तापीकाठचा : १५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. या वेळी त्या ठरावाला माझा हात वर जाणार नाही.

पांझरेचा भो : आणि पट्टी?

तापीकाठचा : बघू.