मदत हवी आहे: आडनावामुळे तीच मुलं कायम शेवटी

सातारा तालुक्यात आठवीला शिकवते. वर्गात 42 मुलं. तोंडी परीक्षा हजेरीच्या क्रमाने, तासाला सातच जण होतात. शिंदे, साळुंखे, सावंत यांच्यापर्यंत पोचेतो सहावा तास उजाडतो आणि मी दोन प्रश्नांत उरकते. परवा एक मुलगी वही छातीशी धरून म्हणाली, "बाई, माझं कधी नीट ऐकूनच होत नाही." फार लागलं मनाला.

इंग्रजी अक्षरांप्रमाणे यादी लावली, तर वाघमारे आणि यादव तळाला गेले. म्हणजे अन्याय तोच, फक्त दुसऱ्याच्या पदरात. उलट्या क्रमात मधले भोसले, मोरे जिथल्या तिथेच. चिठ्ठ्या टाकल्या, तर तीन मुलं सलग दोनदा शेवटी आली. सात-सातचे गट फिरवले, तेव्हा पाचही पाटील एकाच गटात. नकळत त्यांची एकमेकांशीच तुलना होते.

हजेरीपट बदलता येणार नाही, वर्गात मोबाइल चालत नाही. वर्षात सहा फेऱ्या होतात. प्रत्येक मूल एकदा पहिल्या तासाला, एकदाच शेवटच्या तासाला येईल आणि शेजारीही बदलतील, असा कागदावर मावणारा तक्ता कसा आखायचा?