केऑटिक डिसकॉर्ड : थट्टा की फसवणूक?

फाटका_अँप
इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा हा हार्डकोअर पंक (पंक रॉकचा जास्त वेगवान, कर्कश प्रकार) बँड थट्टेतूनच निघाला. व्हाइस स्क्वॉड या तिथल्याच पंक बँडचे डेव्ह बेटमन, शेन बाल्डविन आणि त्यांच्यासोबत फिरणारी, सामान उचलणारी पोरं. तेव्हाचे पंक बँड सगळे एकाच साच्यातले, काहीही किंचाळलं तरी कंपनी रेकॉर्ड काढते, हे त्यांना दाखवायचं होतं. आणि झालंही तसंच! १९८२ मध्ये रायट सिटी या रेकॉर्ड कंपनीच्या 'रायटस असेंब्ली' या संकलनात त्यांचं गाणं आलं, पुढे अख्खे अल्बम निघाले.
माझ्या मते ही फसवणूकच. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये बेकारांचा आकडा ३० लाखांवर गेला होता. हाताला काम नसलेल्या पोरानं पै-पै साठवून, हा आपलाच संताप आहे असं समजून रेकॉर्ड घ्यायची आणि वाजवणाऱ्यांनी गालात हसायचं?

मंजिरी_ब
अजिबात पटलं नाही. हसू त्या पोरावर नाहीच, साच्यावर आहे. ब्रिस्टलच्याच आसपास केऑस यूके आणि डिसऑर्डर हे पंक बँड होते. या दोन नावांशेजारी 'केऑटिक डिसकॉर्ड' ठेवून बघा, टोला कुणाला आहे ते लगेच कळतं. १९८३ च्या अल्बमच्या नावात धर्माला शिवी, राजकारणाला शिवी आणि शेवटी 'तुम्हा सगळ्यांना'सुद्धा. मुखपृष्ठावरच सांगितलंय, मग लपवलं काय?

फाटका_अँप
टोला द्यायचा तर क्रास या अराजकवादी पंक बँडनं दिला तसा द्यावा. १९८३ मध्ये थॅचर-रेगन यांच्या भाषणांचे तुकडे जोडून त्यांनी फोनवरचं खोटं संभाषण तयार केलं. अमेरिकी परराष्ट्र खात्याला त्यात रशियाचा हात दिसला! ती थट्टा सत्तेची होती. इथे आपल्याच माणसांची आहे.

मंजिरी_ब
त्याच क्रासनं १९८१ मध्ये 'लव्हिंग' या प्रेमकथांच्या मासिकातर्फे लग्नाची थट्टा करणारं गोडगोड गाणं खरं भासवून वाचकांना फुकट वाटलं होतं. ते मागवणाऱ्या मुली काय सत्तेत होत्या? आणि आपल्या माणसांवर हसायचंच नाही, हा नियम पंकनं कधीपासून मानला?

जुनी_कॅसेट
वाद चालू द्या, पण कुणी वाजवून ऐकलंय का? बाल्डविनचे ड्रम्स कान देऊन ऐका. थट्टाच करायची तर कसंही बडवलं असतं. तो जीव तोडून वाजवतोय.

फाटका_अँप
ड्रम्सचं मान्य. पण केऑटिक डिसकॉर्डचा 'लाइव्ह इन न्यूयॉर्क' हा अल्बम स्टुडिओत वाजवून वरून गर्दीचा गलका चिकटवलाय. त्या गलक्यात मला आजही तेच पैसे साठवणारं पोरगं ऐकू येतं.