चालू टाकीत वाळू घालताना
समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या टाकीत वाळू घातल्यावर पाणी दोन दिवस दुधाळ राहिले, असे आपण लिहिले आहे. हा गढूळपणा वाळूसोबत येणाऱ्या बारीक भुकटीचा असतो. म्हणून कोरडी अ‍ॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचे एक खनिज) वाळू बादलीत थोडी थोडी घेऊन, वरचे पाणी नितळ दिसेपर्यंत धुवावी आणि शेवटी आरओच्या पाण्याने खळबळावी, कारण पुण्यातल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. (जिवंत वाळू मात्र धुऊ नये, तिच्यातले जीवाणूच तर आपल्याला हवे असतात.) मग पंप बंद करून २ इंची पीव्हीसी पाइप तळापर्यंत उभा धरावा आणि टाकीच्याच पाण्यात भिजवलेली वाळू त्यातून सावकाश सोडत पाइप हळूहळू सरकवावा. मी एका दिवशी तळाचा चौथा भागच भरतो. घाई केल्यास प्रवाळांवर गाळ बसतो.